पडद्यावरील अक्षर आणि त्याचा साचा

छापखान्यात खिळे जुळवून उमटविलेले अक्षर कागदावर कायमचे स्थिर होते. संगणकाच्या पडद्यावरील अक्षराचे तसे नाही. संकेतस्थळाकडून वाचकाच्या यंत्राकडे मजकूर येतो तो अंकांच्या रूपाने. ‘कि’ हे अक्षर म्हणजे २३२५ आणि २३६७ हे दोन अंक होत; पहिला ‘क’चा, दुसरा ऱ्हस्व वेलांटीचा. उच्चारात मागाहून येणारी ही वेलांटी लिहिताना मात्र आधी काढावी लागते. तिला योग्य जागी बसविण्याचे काम ब्राउझर आणि फाँट मिळून करतात. फाँट म्हणजे खिळ्यांची पेटीच म्हणावयाची; फरक इतकाच की, या पेटीत आकृतींबरोबर त्या जुळविण्याचे नियमही असतात. ‘क’, हलन्त चिन्ह आणि ‘ष’ लागोपाठ आले असता ‘क्ष’ ही आकृती ठेवावी, हा असाच एक नियम.

ही पेटी वाचकापाशी नसली तर काय करावे, हा प्रश्न भारतीय लिप्यांना फार जाचला. विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक भारतीय वृत्तपत्रांनी आपापले फाँट बनवून रोमन अक्षरांच्या अंकांवर आपल्या लिपीच्या आकृती बसविल्या. वाचकाने तो फाँट उतरवून घेतला तर बातमी दिसे. एरवी रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा तेवढा उमटे. त्याहून मोठी हानी ही की, अशा मजकुरात शब्द शोधणे दुरापास्त होई, आणि फाँट हरवला की लेखही हरवल्यासारखाच. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र गट दिला. मजकूर सुरक्षित झाला, तो या व्यवस्थेचा अंगीकार झाल्यानंतर.

आकृतीचा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर पानाची शैली ठरविणाऱ्या सीएसएस या भाषेत आहे. १९९८ सालच्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘फाँट-फेस’ हा नियम आला. त्यात फाँटचे नाव आणि त्याची फाइल जेथे ठेवली असेल तो पत्ता लिहावयाचा. पुढे मथळ्यासाठी वा परिच्छेदासाठी ‘फाँट-फॅमिली’ या सूचनेत तेच नाव घातले की, ब्राउझर फाइल स्वतः आणवून घेतो. त्या नावामागे एखाद्या सर्वसाधारण फाँटचे नाव अवश्य जोडावे. फाइल वाटेत अडली तरी वाचकाचे काम अडता कामा नये. या कामासाठी आखलेल्या ‘वॉफ’ या दाबून लहान केलेल्या फाइलीला २०१२ साली प्रमाण म्हणून मान्यता मिळाली.

जोडाक्षरांच्या आकृतींमुळे देवनागरीची फाइल पुष्कळदा जड होते. मंद जोडणीवर ती येईपर्यंत पान कोरे राहू नये, म्हणून ‘फाँट-डिस्प्ले’ या सूचनेत ‘स्वॅप’ लिहितात. मग मजकूर आधी साध्या फाँटमध्ये दिसतो व फाइल पोहोचताच वळण बदलते. फाइल हलकी करण्यासाठी आकृती गाळण्याचीही रीत आहे. ती बेतानेच वापरावी. जुळणीचे नियम त्याबरोबर गळाले तर ‘क्ष’ची फोड होऊन हलन्त ‘क’ आणि ‘ष’ वेगवेगळे दिसू लागतात.

मराठी पानाला आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी व हिंदी वळणे निराळी, परंतु अंक एकच. काही फाँटांत दोन्ही वळणे असतात. पानाच्या आरंभी भाषा मराठी असल्याची खूण केलेली असेल, तर असा फाँट मराठी वळण पुढे ठेवतो. खूण विसरल्यास बहुधा हिंदी वळणच उमटते.