शाहीर साबळ्यांची कॅसेट

एरवी या पानावर आम्ही लागण, खोडवा आणि बेणेप्रक्रिया यांविषयी लिहितो. आज विषय थोडा निराळा आहे.

आमच्या लहानपणी घरी शाहीर साबळे यांच्या लोकगीतांची एक कॅसेट होती. फीत गुंतली की पेन्सिलीने गुंडाळायची आणि पुन्हा लावायची. कॅसेट केव्हाच संपली, पण वेड काही उतरले नाही. गटातली फिरती करून रात्री घरी आलो की आजही तीच गाणी मोबाईलवर लावतो.

शाहीर कृष्णराव साबळे हे सातारा जिल्ह्यातील पसरणी गावचे. जन्म १९२३ चा. 'महाराष्ट्राची लोकधारा' या कार्यक्रमातून त्यांनी वासुदेव, गोंधळी, कोळीगीते, भारुडे अशी गावोगावची कला रंगमंचावर आणली. राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल असलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' त्यांनीच गायले. ते २०२३ साली राज्यगीत झाले. शाहीर मात्र २०१५ सालीच गेले होते.

पण आमचा जीव अडकला तो 'विंचू चावला' या भारुडात. मूळ रचना संत एकनाथांची, म्हणजे सोळाव्या शतकातली. लहानपणी आम्ही ते निव्वळ गंमत म्हणून ऐकले आणि पोट धरधरून हसलो. मोठेपणी उलगडा झाला की नाथांचा विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि उतारा म्हणजे तमोगुण सोडून सत्त्वगुण धरणे. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढताना दिसतात, तेव्हा हा विंचू हटकून आठवतो.

आमचे वडील रात्री उसाला पाणी देताना हेच भारूड गुणगुणत. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांचा आवाज कुठेच टेप केलेला नाही. शाहिरांचा सूर लागला की मागून वडिलांचा बेसूर ऐकू आल्यासारखा वाटतो, इतकेच काय ते उरले आहे.

मंडळी, चांगले बेणे राखले तरच वाण टिकतो, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे? जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आज्या अजून घराघरात आहेत. हंगामात कोप्यांवर उतरणाऱ्या तोडणी टोळ्यांतल्या मावश्यांनाही गाणी येतात. त्यांना म्हणायला लावा आणि मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. शाहिरांनी गोळा केले म्हणून आपल्याला ऐकायला मिळाले. घरचे मात्र आपले आपणच राखायचे आहे.