किती आणि कुठल्या बाजूला?

−८ मोठा की −३? सहावी-सातवीच्या वर्गात हा प्रश्न विचारला की बरीच मुलं चटकन −८ म्हणतात. आठ तीनापेक्षा मोठा, हे पहिलीपासून मनात पक्कं झालेलं असतं. उत्तर चुकतं, पण मुलांनी एक खरी गोष्ट हेरलेली असते: शून्यापासून −८ जास्त दूर आहे. कोणती संख्या मोठी आणि कोणती शून्यापासून दूर, हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळच्या मोहगावचं उदाहरण घेऊ. हा संत्र्यांचा पट्टा. समजा, हंगाम संपला आणि एका शेतकऱ्यावर ४०,००० रुपयांचं कर्ज उरलं, दुसऱ्यावर १५,०००चं. तिसऱ्याचा हिशेब शून्यावर मिटला, चौथ्याकडे ५,००० शिल्लक राहिले. कर्ज ऋण धरलं, तर चढता क्रम असा: −४०,०००, −१५,०००, ०, ५,०००. कर्ज कुणाचं मोठं? पहिल्याचं. या दोघांत बरी स्थिती कुणाची? दुसऱ्याची. म्हणून −१५,००० ही −४०,०००पेक्षा मोठी संख्या.

शून्यापासूनचं अंतर म्हणजे केवल मूल्य. मोहगावकडच्या हिंदी माध्यमाच्या मुलांच्या पुस्तकातलं निरपेक्ष मान. ते दोन उभ्या रेघांत लिहितात: |−४०,०००| = ४०,०००. अंतर कधी ऋण नसतं, म्हणून केवल मूल्यही ऋण नसतं. तुलनेचा नियम यातूनच निघतो. दोन्ही संख्या ऋण असतील, तर जिचं केवल मूल्य जास्त ती लहान. एक धन आणि एक ऋण असेल, तर ऋण संख्या कितीही दूर असली तरी लहानच.

केवल मूल्य काढायची ‘चिन्ह पुसून टाका’ ही युक्ती मात्र बीजगणितात दगा देते. क्ष ऋण असेल, तर त्याचं केवल मूल्य −क्ष असतं. उणे चिन्ह पाहून मुलं बिचकतात; पण क्ष = −५ घेतला की −क्ष म्हणजे ५. अंतराची कल्पना पक्की असेल, तर इथे अडखळायला होत नाही. दोन संख्यांमधलं अंतरही तसंच काढायचं: −१५,०००पासून ५,०००पर्यंत यायला २०,००० रुपये लागतात.

ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण यांच्या हिशेबाचे नियम मांडले. दिशेचा अर्थ सुरेख उलगडला तो भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, ११५०च्या सुमारास. त्यांच्या एका त्रिकोणाच्या दोन भुजा १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून सोडलेला लंब पायाच्या बाहेर पडतो, आणि पायाचे दोन खंड येतात −६ आणि १५. बेरीज बरोबर ९. ऋण आला म्हणून त्यांनी तो खंड टाकून दिला नाही. तो उलट्या दिशेला आहे, असं सांगितलं. लांबी मात्र ६ धरायची: १०० वजा ३६ म्हणजे ६४, म्हणून लंब ८. लांबी सहा, दिशा उलटी. एकाच संख्येने दोन्ही गोष्टी सांगितल्या.

म्हणून वर्गात ‘मोठी कोणती?’ एवढंच विचारून थांबू नये. ‘शून्यापासून दूर कोणती?’ हेही लगेच विचारावं आणि दोन्ही उत्तरं संख्यारेषेवर बोट ठेवून दाखवायला लावावीत. नियम पाठ करायला लावण्याआधी एवढं झालं, तर मूल तो नियम स्वतःच शोधून काढतं.