कुंपण आणि सीमारेषा : भारत-बांगलादेश सीमेवरील सुरक्षा, स्थलांतर व तस्करी

प्रस्तावना

भारत व बांगलादेश यांच्यातील भूसीमा सुमारे ४,०९६ कि.मी. लांबीची असून भारताची कोणत्याही शेजारी राष्ट्राशी असलेली ही सर्वांत लांब सीमा होय. पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, त्रिपुरा व मिझोराम या पाच राज्यांना ती भिडते. त्यांपैकी सुमारे २,२१७ कि.मी. सीमा एकट्या पश्चिम बंगालची आहे. या सीमेविषयीच्या चर्चेत सुरक्षा, अवैध स्थलांतर व तस्करी हे एकाच प्रश्नाचे तीन पैलू मानले जातात आणि कुंपण हा त्यांवरील समान उपाय समजला जातो. वस्तुतः या तिन्ही प्रश्नांची कारणे भिन्न आहेत. ती वेगळी करून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सीमेची जडणघडण

१९४७ मध्ये सर सिरिल रॅडक्लिफ यांच्या आयोगाने अवघ्या पाच-सहा आठवड्यांत बंगाल व पंजाबची विभागणी केली. नद्या, शेते व बाजारपेठा यांचे परस्परसंबंध या रेषेने तोडले. कूचबिहार परिसरातील एकमेकांच्या प्रदेशांनी वेढलेल्या वस्त्यांचा प्रश्न १९७४ च्या भूसीमा करारानंतरही चार दशके प्रलंबित राहिला. १०० व्या घटनादुरुस्तीनंतर ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताच्या १११ व बांगलादेशाच्या ५१ वस्त्यांचे हस्तांतरण झाले. वाटाघाटींतून सीमाप्रश्न सुटू शकतो, याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

दीडशे यार्डांचा पट्टा

आसाम करारानंतर १९८६ मध्ये कुंपणास मंजुरी मिळाली व आजवर सुमारे ३,२०० कि.मी. सीमेवर ते उभे राहिले आहे. तथापि हे कुंपण प्रत्यक्ष सीमारेषेवर नाही. १९७५ च्या उभयपक्षी मार्गदर्शक तत्त्वांनुसार शून्यरेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणात्मक बांधकाम करता येत नाही. त्यामुळे कुंपण बहुतेक ठिकाणी भारतीय हद्दीत आत आले आणि भारतीय शेतकऱ्यांची जमीन, काही ठिकाणी वस्त्याही, कुंपणापलीकडे राहिल्या. तेथील शेतकऱ्यास स्वतःच्या शेतात जाण्यासाठी ओळखपत्र दाखवून ठरावीक वेळी उघडणाऱ्या फाटकातून जावे लागते. साधे तारेचे कुंपण हे संरक्षणात्मक बांधकाम ठरते काय, याविषयी उभय राष्ट्रांत मतभेद आहेत. जानेवारी २०२५ मध्ये याच वादातून दोन्ही देशांनी एकमेकांच्या राजनैतिक प्रतिनिधींना पाचारण केले होते.

तस्करीचे अर्थकारण

तस्करीचे मूळ दोन देशांतील कायदे व किमती यांच्या तफावतीत आहे. भारतातून गुरांची निर्यात निषिद्ध होती. मात्र सीमा ओलांडून आलेले जनावर बांगलादेशात बेवारस ठरवून, ५०० टका शुल्क भरल्यावर कायदेशीर केले जाई. एका बाजूचा गुन्हा दुसऱ्या बाजूस महसूल ठरत होता. २०१४ नंतर भारताने बंदोबस्त कडक केल्यावर हा व्यापार बराच घटला व बांगलादेशात गोपालन वाढले. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध भारतात वैद्यकीय चिठ्ठीवर मिळते, तर बांगलादेशात त्यावर बंदी आहे. म्हणून ते पूर्वेकडे जाते. सोने मात्र आयातशुल्क चुकविण्यासाठी पश्चिमेकडे येते. जुलै २०२४ मध्ये भारताने हे शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले, तेव्हा तस्करांचा नफाही त्या प्रमाणात आकुंचित झाला. असा परिणाम केवळ कुंपणाने साधत नाही. मेघालयातील कालाईचर येथे २०११ मध्ये सुरू झालेला सीमाहाट हा या दिशेने टाकलेले छोटे पण विधायक पाऊल होते.

स्थलांतर व नागरिकत्व

स्थलांतराचे स्वरूप याहून निराळे आहे. रोजगार, नातेसंबंध, नद्यांची धूप व छळाचे भय या कारणांनी माणसे सीमा ओलांडतात. आसाम करारात २४ मार्च १९७१ ची मध्यरात्र ही सीमारेखा मानली गेली. २०१९ च्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक अर्जदार वगळले गेले. येथे प्रश्न पहाऱ्याचा नसून कागदपत्रांचा व पुराव्याचा आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्रात ताब्यात घेतलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात धाडण्यात आले आणि त्यांचे भारतीयत्व स्पष्ट झाल्यावर परत आणावे लागले. भाषेवरून नागरिकत्व ठरविण्यातील धोका यातून दिसून येतो. जानेवारी २०११ मध्ये कुंपण ओलांडताना गोळी लागून पंधरा वर्षांच्या बांगलादेशी मुलीचा मृत्यू झाला. तस्कर व निःशस्त्र स्थलांतरित यांना एकाच मापाने मोजण्याची किंमत त्या घटनेने दाखवून दिली.

समारोप

सारांश, सुरक्षेसाठी पहारा व कुंपण आवश्यकच आहे; परंतु तस्करीवर शुल्क व व्यापारधोरणाचा, तर स्थलांतरावर कायदेशीर प्रवेशमार्ग व न्याय्य पडताळणीचा उपाय हवा. तिन्ही प्रश्नांचा भार एकट्या कुंपणावर टाकल्यास त्याची झळ प्रथम पोहोचते ती कुंपणापलीकडे शेती असलेल्या भारतीय नागरिकालाच.