विश्लेषण : सुंतेनंतर अग्रत्वचा परत मिळवता येते का?

सुंता बहुतेकदा अजाणत्या वयात होते. मोठेपणी काहींना ती नकोशी वाटते. त्यांच्यासाठी कोणते मार्ग आहेत आणि त्यांतून नेमके काय मिळते?

ही कल्पना नवी आहे का?
मुळीच नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक राजवटीखालील जेरुसलेममध्ये काही ज्यूंनी सुंतेची खूण लपवल्याचा उल्लेख मक्काबी ग्रंथात आहे. ग्रीक व्यायामशाळेत विवस्त्र उतरावे लागे. पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने त्यासाठीची शस्त्रक्रियाही वर्णिली. नाझी काळात पोलंडमध्ये काही ज्यूंनी जीव वाचवण्यासाठी अशी शस्त्रक्रिया करून घेतली. अमेरिकेत धर्माचा संबंध नसतानाही नवजात मुलग्यांची सुंता सर्रास होत आली. तिथे १९८९ मध्ये अशा पुरुषांचा मदतगट उभा राहिला.

पद्धती कोणत्या?
त्वचेवर दीर्घकाळ हलका ताण दिला की नव्या पेशी तयार होऊन ती वाढते. भाजलेल्या रुग्णांसाठी प्लास्टिक सर्जन याच तत्त्वावर त्वचा वाढवतात. इथे उरलेली कातडी हाताने, चिकटपट्टीने किंवा उपकरणाने पुढे ओढली जाते. हे रोज, काही वर्षे करावे लागते. शस्त्रक्रियेत बहुधा अंडकोशाची त्वचा वापरतात. पण तिचा पोत वेगळा असतो, तिच्यावर केस येतात आणि व्रणही राहतात.

परिणाम काय?
शिश्नमुंड झाकले गेल्याने कपड्यांचे घर्षण कमी होते, कोरडेपणा घटतो, असे अनुभव अनेक जण सांगतात. मन हलके झाल्याचे सांगणारेही आहेत. मात्र याविषयीचे वैद्यकीय संशोधन तोकडे आहे. शिवाय जे वाढते ते केवळ त्वचेचे आवरण. कापली गेलेली मज्जातंतूंची टोके आणि शिश्नमुंडाखालची त्वचेची बारीक घडी परत येत नाही.

धोके कोणते?
जास्त ओढल्यास त्वचा फाटते, सूज येते, जंतुसंसर्ग होतो. वजन टांगल्यास किंवा पट्टी घट्ट बसल्यास रक्तपुरवठा अडतो. वेदना, बधिरपणा किंवा रंग बदलल्यास लगेच थांबावे. मधुमेहींनी विशेष जपावे. त्यांच्या जखमा लवकर भरत नाहीत.

मग निर्णय कसा घ्यावा?
सुंता झालेल्या सगळ्यांनाच त्रास असतो असे नाही. फायमोसिससारख्या आजारात ती उपचार म्हणूनच केली जाते. पुरुषांमधील एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये आफ्रिकेतील जास्त लागण असलेल्या देशांना तिची शिफारस केली. पण ज्याला खंत वाटते, त्याची खंत खोटी नसते. लाजेपोटी तो ‘खात्रीशीर इलाज’वाल्यांच्या जाहिरातींकडे वळतो आणि तिथेच फसतो. त्याआधी यूरोलॉजिस्टला दाखवावे; मन खचले असेल तर समुपदेशकाशी बोलावे. आवरण मिळू शकते, मूळ अवयव नाही, एवढे ठाऊक असले की निर्णय डोळसपणे घेता येतो.