मोटारगाडीचे बदली टायर, उष्ण हवामानातील

मोटारगाडीचे मूळ टायर झिजल्यावर अथवा जुने झाल्यावर त्यांच्या जागी बसविण्यात येणाऱ्या टायरांना बदली टायर म्हणतात. टायर केव्हा बदलावा, हे सामान्यतः त्याच्या धावपृष्ठाच्या (रस्त्याला टेकणाऱ्या, खाचा असलेल्या जाड थराच्या) झिजेवरून ठरविण्यात येते. खाचांची खोली १.६ मिमी. उरली म्हणजे त्यांच्या तळाशी असलेले झीजदर्शक उंचवटे पृष्ठाशी समपातळीत येतात. तथापि उष्ण प्रदेशात, विशेषतः वर्षाकाठी थोडेच अंतर धावणाऱ्या जुन्या गाडीच्या बाबतीत, ही कसोटी अपुरी पडते. खाचा खोल असतानाच टायराचे रबर आतून निकामी झालेले असू शकते. म्हणून अशा ठिकाणी खाचांपेक्षा टायराचे वय आणि त्याची भार, वेग व उष्णता सोसण्याची क्षमता यांना अधिक महत्त्व द्यावे लागते.

उष्णतेचे परिणाम : चाक फिरत असताना टायराचा जमिनीला टेकलेला भाग दबतो व पुढच्या क्षणी पूर्ववत होतो. या क्रियेत खर्च झालेल्या ऊर्जेचा काही अंश परत न मिळता त्याची रबरात उष्णता होते. भार व वेग वाढला किंवा आतील हवा कमी पडली की, ही उष्णता वाढते. नागपूर, चंद्रपूर इ. ठिकाणी उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५° से.च्या वर जाते आणि डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून पुष्कळच तापतो. त्यामुळे टायरातील उष्णता बाहेर टाकली जाण्यास वाव कमी राहतो.

दुसरा परिणाम रासायनिक असून तो गाडी उभी असतानाही चालू राहतो. टायरातील दाबाखालची हवा रबरातून हळूहळू बाहेरच्या दिशेने झिरपते व तिच्यातील ऑक्सिजनामुळे रबराचे ऑक्सिडीभवन होऊन ते कठीण व ठिसूळ बनते. तापमान १०° से.ने वाढल्यास अशा विक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. याचा सर्वांत घातक परिणाम पोलादी तारांच्या पट्ट्यांच्या कडांशी असलेल्या रबरावर होतो. तेथील चिकटपणा कमी झाला म्हणजे वेगात असताना धावपृष्ठ सुटून येण्याचा संभव असतो. ओझोन व सूर्यप्रकाश यांमुळे टायराच्या कुशीवर (बाजूच्या भिंतीवर) बारीक भेगा पडतात. रबरात मिसळलेली संरक्षक मेणे टायर चालता असतानाच पृष्ठावर चांगली येतात. म्हणून उन्हात महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीचे टायर लवकर भेगाळतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००७ मध्ये सादर केलेल्या अहवालात एका मोठ्या विमा कंपनीचे आकडे दिलेले आहेत. टेक्सस, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लॉरिडा व ॲरिझोना या उष्ण राज्यांत तिचे २७% विमेदार होते. पण टायरासंबंधीच्या दाव्यांपैकी ७७% दावे त्याच राज्यांतून आले व त्यांपैकी ८४% दावे सहा वर्षांहून जुन्या टायरांबाबतचे होते.

निर्मितीचा दिनांक : टायराच्या कुशीवर उठविलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष दर्शवितात. उदा., ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालातील २३ वा आठवडा. २००० सालापूर्वी तीन अंक घालीत असत. असा टायर कितीही चांगला दिसला, तरी वापरू नये. अनेक गाडी-उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलण्याची शिफारस करतात, तर काही टायर-उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी व दहा वर्षे ही कमाल मर्यादा सुचवितात. उष्ण प्रदेशात सहा वर्षांची मर्यादा पाळणे श्रेयस्कर असते. खरेदीच्या वेळीही हे अंक पाहावेत; दुकानात अनेक वर्षे पडून राहिलेला टायर ‘नवा’ ठरत नाही. जादा चाकालाही (स्टेपनीला) हाच नियम लागू आहे. न वापरलेली म्हणून जुनी स्टेपनी रस्त्यावर घेणे, ही सर्रास आढळणारी चूक होय.

आकारमान व रचना : प्रिमियर पद्मिनीसारख्या गाड्यांना कर्णीय रचनेचे (एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या दोऱ्यांच्या थरांचे) ५.२०–१४ या मापाचे टायर असत. त्यांऐवजी त्रिज्यीय रचनेचे (रेडियल) टायर घ्यावयाचे झाल्यास बाह्य व्यास जवळजवळ तेवढाच असावा. जुन्या टायराची उंची रुंदीच्या सु. ९५% धरल्यास त्याचा व्यास सु. ६०६ मिमी. येतो, १५५/८० आर १४ या टायराचा व्यास सु. ६०४ मिमी. असतो. व्यासात मोठा फरक पडल्यास वेगमापकाचे दर्शन चुकते व टायर चिखलपत्र्याला घासण्याचा संभव असतो. नवे माप गाडीच्या रिमच्या रुंदीस योग्य आहे, याचीही खात्री करावी.

त्रिज्यीय टायरात थरांचे परस्परघर्षण कमी असल्याने तो कमी तापतो. म्हणून उष्ण प्रदेशात तो अधिक उपयुक्त ठरतो. एकाच आसावर दोन्ही प्रकार मिसळू नयेत. दोनच त्रिज्यीय टायर बसवावयाचे असल्यास ते मागील आसावर बसवावेत. जुन्या रिमची कडा नळीविरहित (ट्यूबलेस) टायराला योग्य नसल्यास योग्य मापाची नवी ट्यूब घालावी.

भार, वेग व उष्णता यांच्या श्रेणी : मापापुढील अंक भारनिर्देशांक असतो, उदा., ८० म्हणजे ४५० किग्रॅ. त्यापुढील अक्षर कमाल वेग दर्शविते : एस १८०, टी १९० व एच २१० किमी. प्रती तास. गाडी एवढ्या वेगाने धावत नसली, तरी वरची श्रेणी घेतल्यास उष्णता सोसण्यास अधिक वाव मिळतो. गाडीसाठी सांगितलेल्यापेक्षा कमी भारनिर्देशांक कधीही स्वीकारू नये. काही टायरांवर उष्णतारोधकतेची ए, बी किंवा सी ही श्रेणीही असते. तीत ए सर्वोच्च होय. भारतात २००९ च्या गुणवत्ता-नियंत्रण आदेशानुसार टायरावर भारतीय मानक चिन्ह असणे आवश्यक आहे.

हवेचा दाब : उत्तम टायरही कमी हवेवर चालविल्यास लवकर निकामी होतो. दाब सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी मोजावा. तापमान १०° से.ने वाढल्यास ३० पौंड दाबाच्या टायरात सु. दीड पौंड वाढ होते. ही वाढ गृहीत धरूनच शिफारस केलेली असते. म्हणून तापलेल्या टायरातील हवा सोडू नये, कारण थंड झाल्यावर तो कमी दाबाचा राहतो. नायट्रोजन भरल्याने ऑक्सिडीभवन मंदावते. पण कोरड्या हवेच्या तुलनेत तापमानानुसार होणाऱ्या दाबवाढीत फारसा फरक पडत नाही व दाब तपासण्याची गरजही टळत नाही. कर्णीय टायरांसाठी जुन्या पुस्तिकेत दिलेला दाब त्रिज्यीय टायरांना बहुधा अपुरा पडतो. त्यामुळे टायर-उत्पादकाच्या कोष्टकातून योग्य दाब निश्चित करावा.