मशीन घरात आली, पण पाणी कोणाच्या डोक्यावर?

नारायणगड म्हटले की बीड जिल्ह्यातील माणसाच्या डोळ्यांपुढे वारकऱ्यांची गर्दी उभी राहते. या गडाच्या परिसरातील गावांत आपल्याही वस्त्या आहेत. एप्रिल हा आपल्या जयंतीचा महिना आणि विहिरी तळाला जाण्याचाही महिना. वंदनेसाठी पांढरी साडी, पांढरा सदरा स्वच्छ हवा आणि घरात हंडाभर पाण्याची मारामार!

अशाच एका वस्तीवर जयंतीला दोन जावा एकत्र आल्या. थोरली गावी राहणारी, दरसाल ऊसतोडीला जाणारी. धाकटी पिंपरी-चिंचवडला कामगार वसाहतीत राहणारी. थोरलीच्या पडवीत नवी सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन होती. धाकटीकडे समोरून दार उघडणारी फ्रंट लोड मशीन आहे. ती म्हणाली, "आक्का, तुमच्या मशीनला सारखा हात लावावा लागतो. माझी कशी, बटन दाबलं की धुऊन पिळूनच बाहेर देते."

थोरली हसून म्हणाली, "अगं माय, तुझ्या नळाला पाणी हाय. इथं आधी मी फिरते, मग मशीन फिरते."

भगिनींनो, मशीन घेण्याआधी या बोलण्याचा विचार प्रत्येक घराने केला पाहिजे.

बाबासाहेब आणि यंत्र

आपल्या समाजाला स्वच्छ कपडा सहज मिळालेला नाही. पाणवठा बंद होता. गावचा परीट आपले कपडे धूत नसे. मळके राहायला भाग पाडायचे आणि वर मळके म्हणून हिणवायचे, अशी ती रीत! म्हणूनच चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्या १९२७ सालीच, डिसेंबरच्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा आणि पेहरावावरून जात ओळखू येऊ न देण्याचा उपदेश केला. २० जुलै १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेतही त्यांनी स्वच्छतेवर भर दिला.

यंत्राबद्दलही त्यांचे मत स्पष्ट होते. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवून विचाराला, संस्कृतीला फुरसत द्यायची तर यंत्र हवेच, असा त्यांचा विचार. दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, असे ते सांगत. घरालाही हेच लागू आहे. मशीन आणली, पण पाणी वाहणे, कपडे भरणे, वाळत घालणे सगळे एकाच बाईवर राहिले, तर दोष मशीनचा नाही, घरातील रचनेचा आहे.

कोणती मशीन कोणाला?

मराठवाड्याला हे यंत्र नवे नाही. औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉन कंपनीने १९९० च्या दशकात मध्यमवर्गीय घरांत वॉशिंग मशीनचे नाव पोचवले होते. ही कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आज दुकानात मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

सेमी-ऑटोमॅटिक : दोन टपांची. एका टपात धुणे, दुसऱ्यात पिळणे. साधारण ८ ते १२ हजारांत मिळते. नळाची गरज नाही, बादलीने पाणी ओतता येते. मोठा फायदा असा की साबणाचे तेच पाणी दोन-तीन वेळा वापरता येते. आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी शेतातले आणि कामावरचे कपडे घालावेत. वीज गेली तरी हाताने काम पुढे नेता येते. कपडे या टपातून त्या टपात टाकण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागते.

वरून कपडे टाकायची फुल्ली-ऑटोमॅटिक (टॉप लोड) : साधारण १५ ते २५ हजार. बटन दाबून दुसऱ्या कामाला जाता येते. पण एका धुण्याला साधारण १०० ते १५० लिटर पाणी लागते. म्हणजे १५ लिटरच्या सात ते दहा घागरी! टँकरवर दिवस काढणाऱ्या घराला हे कसे परवडावे?

फ्रंट लोड : २५ हजारांच्या पुढे. पाणी साधारण ५० ते ७० लिटर, धुणेही चांगले. पण नळाला सतत दाब हवा, त्यासाठी टाकी उंचावर हवी. गरम पाण्याने धुतले तर वीज जास्त लागते आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षार हीटरवर बसतो.

म्हणून धाकटीची मशीन पिंपरीत योग्य आणि थोरलीची गावात योग्य. यात कोणी मागासलेले नाही.

ड्रायर म्हणजे काय?

सेमी-ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या टपाला दुकानदार 'ड्रायर' म्हणतो. तो कपडे वाळवत नाही. जोराने फिरवून पाणी बाहेर फेकतो. कपडे ओलसरच निघतात, पण पावसाळ्यात घरात दोरीवर टाकले तरी लवकर वाळतात. खरा ड्रायर म्हणजे गरम हवेत कपडे फिरवणारे वेगळे यंत्र. साध्या ड्रायरला एका खेपेस दोन-तीन युनिट वीज लागते. सेमी-ऑटोमॅटिकच्या एका धुण्याला पाव युनिटही क्वचितच लागते. थंड, ओल्या हवेच्या देशांत तो उपयोगी आहे. आपल्या जिल्ह्यात ऊन फुकट आहे, त्यासाठी हप्ते कशाला भरावेत?

पिळण्याच्या या टपाची किंमत मात्र कमी समजू नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीसमोर आले की, पाहणी केलेल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला ओली गोधडी पिळणे, भरली बादली उचलणे म्हणजे काय, हे तिलाच ठाऊक! तिच्यासाठी ही मशीन चैन नाही.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

जड पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही आणि पांढरे कपडे पिवळट पडतात. तिथे डिटर्जंट पावडर बरी. तीन पिनांची, अर्थिंग असलेलीच जोडणी करावी. टप पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालू नये. मुलांना जवळ येऊ देऊ नये. शेवटच्या खळबळीचे पाणी संडासाला, अंगणाला वापरावे.

दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन घर सोडताना नळीतील पाणी पूर्ण काढावे, टप कोरडा करावा, पिन काढून ठेवावी. उंदीर खालून शिरतात आणि वायर कुरतडतात, म्हणून खालची बाजू जाळीने बंद करावी. परत आल्यावर वायर तपासूनच बटन लावावे. आणि सहा महिने बंद राहणारी वस्तू उचलीच्या पैशातून घेऊ नये. ती उचल पुन्हा कोयत्यानेच फेडावी लागते.

शेवटी थोरल्या जावेच्या घरी काय झाले ते सांगितले पाहिजे. दोघींचे बोलणे तिचा कॉलेजात जाणारा मुलगा ऐकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सायकलला दोन कॅन अडकवले आणि तो पाणी घेऊन आला. "आई, आजपासून पाणी माझ्याकडं. तू मशीन लाव." दुपारी विहारात महिलांचे ग्रंथवाचन होते. कपडे दोरीवर टाकून थोरली वेळेवर तिथे हजर होती.

मज्झिम निकायातील वत्थूपम सुत्तात भगवान बुद्धांनी वस्त्राची उपमा दिली आहे. मळक्या कापडावर रंग नीट चढत नाही, स्वच्छ कापडावर चढतो. मनाचेही तसेच. मशीन कापडाचा मळ काढील. "धुणे हे बायकांचेच काम" हा मनातला मळ मात्र घरातील पुरुषांनी स्वतःच धुवायचा आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!