जुन्या गाडीच्या दाराचे पॅनेल

प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीच्या दाराला आतून असलेले पॅनेल म्हणजे लाकडी तंतू दाबून केलेला हार्डबोर्ड, त्यावर ताणून चिकटवलेले रेक्झिन आणि कडेला बसवलेल्या क्लिपा. मुंबईच्या कुर्ल्यातील कारखान्यात १९६४ पासून बनलेली ही गाडी आधी फियाट ११०० डिलाइट होती. पुढे तिचे नाव पद्मिनी झाले.

पॅनेलचे शत्रू दोन: उष्णता आणि ओल. बीडसारख्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या उष्णतेने रेक्झिनला मऊ ठेवणारी द्रव्ये हळूहळू निघून जातात आणि ते तडकते. पावसाचे पाणी काचेलगत दारात उतरते. दाराच्या तळाची, पाणी बाहेर जाण्याची भोके मातीने बुजली किंवा पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद फाटला, की हार्डबोर्ड ओल शोषून फुगतो आणि क्लिपांची भोके फाटतात.

दुरुस्तीत आधी काचेचे हँडल आणि आर्मरेस्ट काढतात. मग चपटी पट्टी क्लिपेच्या अगदी जवळ सरकवून एकेक क्लिप उचलतात. पॅनेल ओढल्यास बोर्ड फाटतो. जुना बोर्ड नव्यावर ठेवून आकार व भोके आखतात. रबरी सोल्युशन बोर्ड आणि रेक्झिन दोन्हींना लावून, ते बोटाला जेमतेम चिकटेल इतके सुकल्यावरच जोडतात. घाई केल्यास आत कोंडलेल्या वाफेचे फुगे येतात. गोलाईवर रेक्झिनच्या दुमडीला छोटे काप दिले, की सुरकुत्या पडत नाहीत.

बसवण्यापूर्वी तळाची भोके मोकळी करून प्लास्टिकचा नवा कागद लावावा. तो नसेल, तर नवे पॅनेलही फुगते.